अंजीर निजवायचा खड्डा

लोकांनी नको म्हणून टाकून दिलेल्या जमिनींचं ऑगी सांताविकाला वेड होतं. चांगली, हिरवी, नदीकाठची जागा कुणी दाखवली की त्याला जांभया यायच्या. पण गंजलेलं कुंपण, फुटलेल्या खिडक्या आणि मातीतून येणारा एखादा न ओळखू येणारा वास समोर आला की गडी एकदम तरतरीत व्हायचा. "इथे हे लोक काय करत होते बरं?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. त्या एका प्रश्नापायी त्याने आख्खं आयुष्य घालवलं, आणि पैसाही बरा कमावला.

सुरुवात झाली कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापासून. पंपाखालची टाकी गळत होती, म्हणून मालक जागा जवळजवळ फुकट द्यायला निघाला होता. ऑगीने टाकी उपसली, माती बदलली आणि तिथे दातांच्या डॉक्टरला दवाखाना बांधून दिला. मग कपडे धुलाईची दुकानं झाली, मग चामड्याचा कारखाना, मग रंगाचा. मातीचं ढेकूळ नाकाशी धरून तो सांगायचा, "डिझेल. आणि खाली थोडं डांबर." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, त्यामुळे त्याला आपल्या नाकाचा भारी गर्व होता. बायको होती तोवर ती म्हणायची, "घरात येताना बूट आणि नाक दोन्ही बाहेर ठेव."

आता साठीला आल्यावर त्याने कोर्लिसमधला पितळखाना घेतला होता. खरं नाव काही वेगळंच होतं, पण गावात सगळे त्याला पितळखानाच म्हणत. तिथे पाण्याचे आणि वाफेचे व्हॉल्व ओतले जायचे. पितळ कापायला मऊ पडावं म्हणून त्यात शिसं घालायचे. ऑगीचा बाप तिथे ओतारी होता आणि मावशीचा नवरा एर्कोलेही. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती, आणि आतल्या जमिनीत शिसं मुरलेलं होतं. ऑगीला तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी घरं बांधायची होती. हा आपला शेवटचा धंदा, असं त्याने जाहीर केलं होतं. अर्थात, हे त्याने आधीच्या दोन धंद्यांच्या वेळीही जाहीर केलं होतं.

या वेळी मात्र एक वेगळी गोष्ट होती. त्या घरांतली तळमजल्यावरची एक जागा त्याने आपल्या मावशीला कबूल केली होती. असुंता तिचं नाव. गावावरच्या टेकडीवरचे सगळे इटालियन तिला झिया म्हणायचे, म्हणजे मावशी. वय चौऱ्याऐंशी, कंबर वाकलेली, जीभ ताठ. स्वतःची काळजी तिला नव्हती. काळजी होती डिनोची. डिनो तिचा थोरला मुलगा, ऑगीच्याच वयाचा. शाळेने त्याला तिसरीतून घरी पाठवलं होतं. सुटे पैसे मोजता यायचे नाहीत, बस कुठली ते लक्षात राहायचं नाही. फावडं हातात दिलं की मात्र खूष.

"डोकं आहे रे त्याला," झिया सांगायची. "वापरत नाही. आळशी आहे मेला. लहानपणापासून आळशी."

आणि मग आवाज उतरवून, "मी गेल्यावर याला कोण बघणार, ऑगी?"

"त्या घरात बायका असतील बघायला. रोज गरम जेवण. तू गेलीस तरी डिनोची खोली डिनोचीच."

"शपथ घे."

त्याने शपथ घेतली होती. धंद्यातल्या माणसाने मावशीसमोर शपथ घेऊ नये, पण घेतली खरी.

आता, माती साफ करायची म्हणजे किती साफ, हा या धंद्यातला कळीचा मुद्दा. मॉर्गन टिबेट ही ऑगीची नवी भूशास्त्रज्ञ, तिशीतली, गंभीर चेहऱ्याची. तिने त्याला तो मुद्दा समजावायला घेतला, तसं त्याने हात वर केला.

"पोरी, हे मी तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ऐकतोय. आसपासची मूळ माती जितकी स्वच्छ, तितकीच मला करायची. त्याहून जास्त नाही."

"मग मला मूळ माती दाखवा. कारखान्याच्या वरच्या अंगाला, जिथे कधी काही झालं नाही अशी."

"माझ्या मावशीचं परसू. टेकडीच्या माथ्यावर. तिथे टोमॅटो आणि अंजीर याशिवाय काहीही झालेलं नाही."

नोव्हेंबरचा शनिवार होता, म्हणजे टेकडीवर अंजीर निजवायचा दिवस. त्या भागातली थंडी अंजिराला सोसत नाही. म्हणून दर हिवाळ्याआधी झाडाच्या एका बाजूची मुळं तोडायची, झाड हळूहळू वाकवून लांबट खड्ड्यात आडवं करायचं, वर फळ्या टाकायच्या, जुना गालिचा पसरायचा, माती लोटायची. ईस्टरच्या सुमारास पुन्हा उठवून उभं करायचं. जुन्या लोकांनी इटलीतल्या गावाकडून येताना आणलेल्या काड्यांची ही झाडं, त्यामुळे तेवढे लाड त्यांचे व्हायचेच.

ऑगी आणि मॉर्गन पोचले तेव्हा डिनोने खड्डा तयार करून ठेवला होता. झाड अजून उभंच होतं. मॉर्गन बाटल्या काढून परसाच्या कोपऱ्याकडे निघाली.

"तिकडे कुठे?" ऑगी म्हणाला. "खड्डा तयार आहे की. त्यातूनच घे."

"ही जमीन उकरलेली आहे ना पण?"

"उकरलेली कसली? अंजिराचा खड्डा आहे. जी माती निघते तीच परत जाते. शंभर वर्षं तीच माती."

मॉर्गन क्षणभर घुटमळली. पण डिनो तिच्याकडे बघून इतका हसत होता, खड्ड्याच्या काठावर फावडं टेकवून, की त्याच्या खड्ड्याला नावं ठेवणं तिला जड गेलं. रात्रीच्या पावसाने सगळीच माती ओलीकाळी दिसत होती; तिने खाली उतरून बाटल्या भरल्या. झियाने वरून ओरडून विचारलं, "माती विकत घेतेय का ती? पैसे माझ्याकडे द्यायला सांग, डिनोकडे नको." मग सगळ्यांनी मिळून झाड वाकवलं, झाकलं, आणि आत जाऊन बडीशेपेच्या वासाची पातळ बिस्किटं, पिझेल्ले, खाल्ली.

दोन आठवड्यांनी मॉर्गनचा फोन आला. तिचा आवाज जरा विचित्र होता.

"ऑगी, तुमच्या मावशीच्या मातीत कारखान्याच्या तिप्पट शिसं आहे."

"प्रयोगशाळेने बाटल्यांची अदलाबदल केली."

"मलाही तेच वाटलं. मी पुन्हा तपासून घेतलं. तिप्पट."

ऑगीने फोन ठेवला. राग नाही, भीती नाही, त्याला आधी वाटलं ते निव्वळ कुतूहल. टेकडीच्या माथ्यावर शिसं आलं कुठून? घर विटांचं, म्हणजे जुन्या रंगाचे पोपडे नाहीत. एर्कोलेला गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे पेट्रोल नाही. धूर? पण वारा वाहतो नदीकडे, कारखान्याकडून टेकडीकडे नाही. आणि धुराने शिसं आलं असतं तर ते वरच्या दोन बोटांत बसलं असतं, कमरेइतकं खोल नाही. त्याने शाळकरी मुलासारखी एकेक शक्यता मांडली आणि एकेक खोडली. संध्याकाळी मॉर्गनला फोन करून म्हणाला, "उद्या चल. मला झोप लागायची नाही."

झिया दारातच आडवी आली. "निजलेल्या झाडाला उठवतात का कुणी? मेलं तर?"

"झाडाला हात नाही लावत, झिया. कडेनेच."

मॉर्गनने खड्ड्यापासून दोन हातांवर पोकळ नळी ठोकली. वर काढली तर तपकिरी, चिकट माती, ओल्या पिठासारखी. मग हातभर जवळ. तीच. मग खड्ड्याच्या अगदी कडेला, आणि नळीतून निघाली काळी, भुरभुरीत वाळू. दोन्हींमधली सीमारेषा इतकी स्पष्ट होती, कुणी सुरीने कापल्यासारखी.

ऑगीने सवयीने चिमूट नाकाशी धरली. वास नव्हता. मातीचासुद्धा नाही. त्याने ती तळहातावर पसरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उन्हाकडे हात धरला. काळ्या कणांत मोहरीएवढे हिरवट मणी होते. त्याने एक मणी नखाने खरवडला. आत पिवळं चमकलं.

"पितळ," तो म्हणाला.

"ही साच्याची वाळू आहे," मॉर्गन म्हणाली. "ओतकामाची. कारखान्यात ढीग आहेत हिचे. पण ही इथे चढली कशी?"

स्वयंपाकघरात झिया सूप ढवळत होती. ऑगीने टेबलावर तो मणी ठेवला आणि विचारलं. त्याला वाटलं होतं ती उडवून लावेल. पण तिचा चेहराच उजळला.

"गरम वाळू! अरे, तुला आठवत नाही? हां, तुला कुठून आठवणार, तुझा बाप खाली राहायला गेला, अंजीर लावलंच नाही त्याने. दर नोव्हेंबरात ट्रक यायचा. साच्यातून काढलेली, हाताला ऊन लागेल अशी. फोरमनने इटालियन लोकांसाठी म्हणून द्यायला सुरुवात केली. माझ्या एर्कोलेनेच सांगितलं होतं त्याला, आमची झाडं गारठून मरतात म्हणून. ट्रक आला की सगळ्या टेकडीवर आनंद. बायका भांड्यांनी भरून घ्यायच्या. गवत उगवत नाही त्यात, किडामुंगी नाही, पाणी साठत नाही. अंजीर कसं मऊ अंथरुणात निजायचं."

"सगळ्या टेकडीवर?" मॉर्गनने विचारलं.

"ज्याचं अंजीर त्याची वाळू."

डिनो पावाचा तुकडा सुपात बुडवत होता. तो एकदम म्हणाला, "मी बसायचो त्यात. गळ्यापर्यंत."

"बसायचा कसला, लोळायचा," झिया म्हणाली. "थंडीत दुसरीकडे कुठे ऊब होती? अंघोळीसारखा आत पुरून घ्यायचा स्वतःला. वाळू खायचासुद्धा गधडा."

"तू पण यायचास, ऑगी," डिनो म्हणाला. "मग तुझी आई यायची."

ऑगीला आठवलं. वाळू नाही आठवली, आई आठवली. रविवारचे कपडे काळे होतात म्हणून ती त्याला कानाला धरून टेकडीवरून खाली न्यायची. तो रडायचा, आणि डिनो गळ्याइतक्या वाळूतून हात हलवून त्याला निरोप द्यायचा. ऑगीने सुपाचा वाडगा बाजूला सारला. त्याने मॉर्गनकडे पाहिलं नाही. तिनेही त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

निघताना मॉर्गनने फडताळातली मुरवलेल्या अंजिरांची एक बरणी मागून घेतली. झियाला वाटलं, पोरीला आवडले.

गाडीत बसल्यावर मॉर्गनने बरणी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "एक गोष्ट तुम्हाला सांगणं माझं काम आहे, म्हणून सांगते. नमुना नियमाने घेतलाय, कागद ठीक आहेत. हा आकडा मी मूळ माती म्हणून लिहिला, तर तुमचा कारखाना या घडीला स्वच्छ ठरतो. उद्या पाया खणू शकता."

"आणि टेकडी?"

"टेकडीवरचं शिसं मग नैसर्गिक ठरतं. देवाने घातलेलं."

"तू लिहिशील?"

"मी तुम्हाला विचारतेय."

ऑगीने गाडी सुरू केली नाही. चाळीस वर्षांत असं घबाड त्याच्या हाती लागलं नव्हतं. आणि त्यात कुणाला लुबाडायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. घरं झटपट उभी राहिली असती, डिनोची खोली पक्की झाली असती. झियासमोर घेतलेली शपथ पुरी. उलट बोलला, तर टेकडीवरचं प्रत्येक परसू खणावं लागणार, म्हातारी माणसं त्याच्या नावाने बोटं मोडणार, आणि वाळू त्याच्याच कारखान्यातली म्हणून तो खर्च अंगावर घेऊन त्याची घरं उभी राहतील की नाही हेच सांगता येणार नव्हतं. डिनोसाठी गप्प बसणं हेच शहाणपणाचं, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. ते जवळजवळ पटलंही.

तेवढ्यात समोरून झियाच्या नातीची गाडी आली. तिची दोन वर्षांची मुलगी लूसिया उतरली ती थेट परसाकडे पळाली. डिनो बाहेर येऊन खड्ड्याशेजारी मांडी घालून बसला. दोघांनी मॉर्गनच्या नळीतून सांडलेली काळी वाळू ओंजळीत घेतली आणि तिचे केक थापायला सुरुवात केली.

ऑगी गाडीतून उतरला आणि साठ वर्षांचा माणूस पळतो तसा पळाला. त्याने पोरीला उचललं, तिचे हात झटकले. तिने भोकाड पसरलं. तिची आई धावत आली, झिया दारात आली, आणि सगळे त्याच्याकडे वेड लागल्यासारखं बघू लागले. पण आता तो आकडा मूळ माती म्हणून लिहायचा की नाही, हा प्रश्न उरला नव्हता.

लूसियाचं रक्त तपासलं गेलं. शिसं निघालं, चालतं त्याहून थोडं जास्त. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं, माती बंद करा, उतरेल. बरणीतल्या अंजिरांचा निकालही आला. मॉर्गनला त्याचीच उत्सुकता जास्त होती. फळात शिसं जवळजवळ नव्हतंच. झाड सगळं शिसं मुळाशीच थोपवून धरत होतं. इतकी वर्षं खाणाऱ्याला धोका नव्हता, खेळणाऱ्याला होता.

ऑगी दोन्ही निकाल घेऊन एकटाच झियाकडे गेला. त्याने मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. टेकडीवरची वाळू तो परत कारखान्यात नेणार, आपल्या ढिगाबरोबर जाड चिकणमातीखाली कायमची पुरणार. घरांचा एक मजला कमी होईल, आणि त्याच्या वाट्याला यायचा नफा जाईल. तळमजला राहील. आयुष्यभर कारखान्यांतून घाण बाहेर काढणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच घाण आत आणायची. वकील त्याला फोनवर म्हणाला होता, "तू म्हातारा झालास, ऑगी." "झालोच आहे," ऑगी म्हणाला होता.

झियाने सगळं ऐकून घेतलं.

"झाड जगेल?" तिने शेवटी विचारलं.

"मुळं धुऊन नव्या मातीत लावू. मॉर्गन म्हणते जगेल. आणि डिनोची खोली आहेच, झिया. ती कुठे जात नाही."

"आणि पोर?"

"ती बरी होईल. लहान आहे, लवकर कळलं."

"लवकर नाही कळलं तर काय होतं?"

ऑगीने खिडकीबाहेर पाहिलं. डिनो अंजिरावरचा गालिचा नीट करत होता, एक कोपरा पुन्हापुन्हा दाबत होता.

"काय होतं, अगोस्तिनो?"

पूर्ण नाव ती फक्त चर्चमध्ये आणि भांडणात घ्यायची.

"मुलांना शिकायला जड जातं," तो म्हणाला. "आकडे. लक्षात ठेवणं."

ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"म्हणजे माझा डिनो."

"ते आता सांगता येत नाही, झिया."

"तू सगळं तपासतोस ना? मग हे तपास."

"इतक्या वर्षांनी नाही तपासता येत. असेलही. नसेलही. मला खरंच माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायची इच्छा झाली नाही, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"मी त्याला मारायची रे," झिया म्हणाली. "पाढे येईनात म्हणून. लाटण्याने. आळशी म्हणायची. परवासुद्धा म्हणाले." मग हळूच, "आणि तू सुटलास ते कपडे मळतात म्हणून."



झियाने परसाचं दार उघडलं. "डिनो! आत ये."

डिनो घाबरतच आला, आपलं काही चुकलं असावं अशा चेहऱ्याने. त्याचे हात मनगटांपर्यंत काळे होते. "गालिचा सरळ केला मी," तो म्हणाला. "आळस नाही केला."

"माहीत आहे. इकडे ये."

तिने त्याला मोरीशी नेलं, कोमट पाण्याचा नळ सोडला आणि त्याचे हात आपल्या हातात घेतले. साबण लावून एकेक बोट धुतलं, नखांखालची काळी रेघ आपल्या नखाने काढली, आणि झाल्यावर पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. डिनोला गुदगुल्या व्हायला लागल्या. तो खिदळत मान मागे वळवून म्हणाला, "बघ ना ऑगी, मला बाळासारखं धुतेय." ती मात्र धूतच राहिली.